सायकलच्या मुठीवरची वाकळ

आमच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं आहे. त्याला मी एक अख्खा हिवाळा दिसेल तिथं दगड मारले. बिचारं मला बघितलं की शेपूट घालून गटारीच्या कडेनं पळायचं. त्याचा गुन्हा काय, तर माझ्या सायकलच्या मुठींवरची वाकळ त्यानं तोंडात धरून नेली, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारी माझ्या माहेरची होती, म्हणून मी पुढचं-मागचं काही विचारलं नाही, सरळ दगड उचलला.

आता हे पहिल्यापासून सांगते, त्याशिवाय माझ्या डोक्यातून ते जायचं नाही.

माझं काम भाकरीचं. अफजलपुरात स्टँडच्या अलीकडं एक खानावळ आहे, तिथं मी ज्वारीच्या भाकरी थापते. सोलापूरकडून गाणगापूरला दर्शनाला निघालेली माणसं जेवायला थांबतात, तव्यावरून ताटात पडलेली भाकरी खातात आणि ‘आईची आठवण आली’ म्हणतात. सगळ्यांच्याच आया एवढ्या पातळ भाकरी कशा काय करत होत्या, देव जाणे. खानावळीची मालकीण म्हातारी आहे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. तिला सगळे अव्वा म्हणतात, गिऱ्हाईकंसुद्धा.

आमचं गाव तिथून आत, भीमेच्या अंगाला. सकाळची बस वेळेवर येईल तर शपथ, म्हणून मी सायकलवर जाते. रस्ता म्हणाल तर नावाला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत त्यावरून जातात. डांबर कधीच उडालं, उरली ती नुसती वर आलेली खडी. सायकल सगळी वाट थरथरते. ती थरथर हँडलातून तळहातात, तळहातातून कोपरात. खानावळीपाशी उतरले की दोन्ही हातांत मुंग्या. तपेल्यात हात घातला तर पाणी ऊन का गार, तेही कळायचं नाही.

दुसऱ्या कुठल्या कामाला हे खपलं असतं, भाकरीला खपत नाही. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, गोळा परातीत ठेवायचा, एका हातानं बडवायचं आणि दुसऱ्यानं फिरवत जायचं. कुठं जाड राहिली, कुठं पातळ झाली, ते डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. तळहात बधिर असला की कड फाटते, उचलताना भाकरी हातातच तुटते. मग अव्वा चुलीपलीकडून म्हणते, ‘‘काय गं, आज कुणाच्या हातानं करायलीस?’’

आणि सायकलवर मी एकटी नसायचे. मागं कॅरिअरवर ती बसायची.

तिचं नाव मी घेणार नाही. ती मला अक्का म्हणायची आणि मी तिला नुसतं ‘गं’ म्हणायचे, त्यात सगळं आलं. आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी, अक्कलकोटच्या बाजूच्या. माझं लग्न झालं तेव्हा ती शेंबडी पोर होती, मला ती नीटशी आठवतही नव्हती. पुढं ती सून होऊन आमच्याच गावात आली तेव्हा मला कोण आनंद झाला! आमच्याकडं रीतच आहे. एका गावच्या दोन लेकी एका गावात पडल्या की त्या बहिणी. मग त्यांची घरं वेगळी का असेनात, भावकी वेगळी का असेना. माझा भाऊ पंचमीला आला की तिच्यासाठीही बांगड्या आणायचा. तिचा बाप आला की आधी माझ्या ओटीत खोबरं घालायचा आणि मग लेकीच्या घरी जायचा.

तिला सासरी सुख नव्हतं. मारहाण नव्हती, पण सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणं. हे असं कामून ठेवलंस, ते तसं कामून केलंस. मीच तिच्या सासूला गाठलं, गोड बोलून तिला खानावळीत न्यायची परवानगी काढली. मीच अव्वापुढं उभी केली. मीच तिच्या हातावर माझा हात ठेवून थापायला शिकवलं. तिचा हात भारी चलाख. वर्षाच्या आत ती माझ्याच चालीनं बडवायला लागली. पाठ करून बसलेल्या माणसाला कळलं नसतं की परातीपुढं मी आहे का ती आहे. मला त्याचं केवढं कौतुक! मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बघा, आमच्या माहेरची आहे.

सायकल मात्र तिला येत नव्हती. ‘‘अक्का, हँडल धरलं की माझं डोकं गरगर फिरायलंय बघ,’’ म्हणायची. मग काय, जाताना मी चालवायची आणि येतानाही मीच. पुढं खड्डा दिसला की मी ओरडायची, ‘‘धरून बस!’’ की ती माझ्या कमरेला हात घालायची. वाटभर आमचं बोलणं चालू. तिची सासू, माझा नवरा, माहेरच्या विहिरीवरच्या बायका, सगळ्यांची धुणी त्या रस्त्यावर धुऊन झाली.

एकदा श्रावण सरता सरता पुण्याकडची काही माणसं सायकलींवरून गाणगापूरला निघालेली खानावळीत आली. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला टोप. आम्ही सायकल चालवतो ती बस नसते म्हणून, आणि ही माणसं मोटार घरी ठेवून सायकलवर आलेली. अव्वा हळूच म्हणाली, ‘‘देवानं ह्यांस्नी काय कमी केलंय गं?’’

त्यांच्यात माझ्याच वयाची एक बाई होती. तिची सायकल खिडकीखाली टेकवलेली, हँडलला काहीतरी काळं, पट्टी बांधल्यासारखं गुंडाळलेलं. मी म्हटलं, ‘‘ह्याला काय लागलंय?’’

ती हसली. ‘‘त्याला नाही हो, माझ्या हाताला लागू नये म्हणून आहे. रस्त्याचे हादरे ह्यात जिरतात. नाहीतर हातांना मुंग्या येतात.’’

अयव्वा! हिलाही मुंग्या येतात? मी इतकी वर्षं समजत होते की मुंग्या हा आमच्या रस्त्याचाच एक भाग, खडीसारखा. त्यावर इलाज असतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘धरून बघा की.’’ मी दोन्ही हातांनी धरलं. मऊ होतं, पण ढिलं नव्हतं. दाबलं की दबायचं आणि सोडलं की परत वर यायचं. ती जेवायला आत गेली तरी मी तिथंच उभी. शेवटी आतून अव्वाची हाक आली, ‘‘अगं, सायकल खायलीस काय? तवा जळायलाय!’’

घरी आल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं. पंक्चरवाल्याकडून फाटकी ट्यूब मागून आणली, तिच्या पट्ट्या कापल्या. माहेराहून आलेली एक जुनी वाकळ होती, धुऊन धुऊन मऊ झालेली, मधोमध विरलेली. तिच्याही पट्ट्या काढल्या. आधी वाकळ खाली आणि ट्यूब वर असं गुंडाळलं, तर ते हातात गरगर फिरायला लागलं. मग जाड केलं, तर मुठीत मावेना, ब्रेक दाबता येईना. तेव्हा अक्कल आली. ट्यूब खाली घालायची, ती दांडी धरून ठेवते. वाकळीचा एकच पदर वर घ्यायचा, अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीवर चढवत ओढून घ्यायची आणि तांबड्या दोऱ्यानं धावदोरा घालून शिवून टाकायची. घाम आला तर वाकळ पिऊन घेते.

आणि ऐका. ह्या मुठी करायच्या आधी मी काय केलं असेल? कॅरिअरवर तिच्यासाठी गादी केली. त्याच वाकळीची, चांगली जाड घडी घालून, खालून ट्यूबनं आवळून. म्हटलं, माझे नुसते हात आहेत, तिचं तर अख्खं अंग आदळतं. दुसऱ्या दिवशी ती बसून बघून म्हणाली, ‘‘अक्का, राणीवानी वाटायलंय बघ.’’ मी सायकल चालवत हसत होते, येडी.

मुंग्या पार गेल्या असं म्हणणार नाही, पण हात माझे हात राहिले. उतरले की तोंडावर पाणी मारायचं आणि सरळ परातीपुढं बसायचं. कडा फाटायच्या थांबल्या. अव्वाचं ते ‘कुणाच्या हातानं’ बंद झालं.

भाद्रपदात अव्वानं आम्हा दोघींना समोर बसवलं. गाणगापुरात देवळाकडून संगमाला जायच्या वाटेवर तिला एक जागा मिळाली होती. तिथं दुसरी खानावळ काढायची होती. ‘‘तुमच्यातली एक तिथं ऱ्हायची,’’ अव्वा म्हणाली. ‘‘चूल तिच्या ताब्यात. मागं खोली हाय, घरच्यांला घेऊन ऱ्हावा.’’

खोली! चुलीच्या पाठीला लागून खोली. मला दुसरं काही ऐकूच येईना. सकाळी उठावं आणि न थरथरलेले हात पिठात घालावेत, एवढंच डोळ्यांपुढं. उरलेल्या मुंग्या मी नुकत्याच डॉक्टरांना दाखवल्या होत्या, ते म्हणाले होते की असंच चाललं तर बोटं कामातून जातील, सायकल सोडा. सायकल सोडायची म्हणजे भाकरी सोडायची. आणि भाकरी सोडली तर माझ्याजवळ दुसरं आहे काय? शिक्षण नाही, शेत नाही. हे तळहात आहेत, बस. नवरा कारखान्यावर हंगामी कामाला. तो म्हणाला, ‘‘जाऊ की, तिकडं देव तरी हाय.’’

कुणाला पाठवायचं ते दसऱ्याला ठरणार होतं. अव्वाचं एक आहे. वर्षभर ती कुणाचं ऐकत नाही, पण दसऱ्याच्या पहिल्या भाकरीचं ऐकते. तिच्या सासूपासून चालत आलेलं आहे ते. ज्या हातानं नवं काम धरायचं, त्या हातची पहिली भाकरी त्या दिवशी देवापुढं ठेवायची. अखंड उतरली तर देवानं हो म्हटलं. फाटली तर त्या हाताला नवी चूल द्यायची नाही, मग तो हात कितीही जुना असो. हे खानावळीत सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

अव्वानं हे सांगितलं त्या दिवशी येताना मी वाटभर त्या खोलीचंच बोलत होते. खिडकीला कुठल्या साडीचा पडदा शिवीन, इथपर्यंत गेले. ती मागून ‘व्हय अक्का, व्हय अक्का’ करत होती. मी विचारलं, ‘‘तुला न्हाई गं वाटत जावं?’’

‘‘मला कोण सोडायलंय? सासू पाय तोडंल माझे. तूच जा अक्का. मी पुनवंला येत जाईन तुझ्याकडं.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज ते पाणी आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं चालतं-फिरतं, कापतं-कुटतं जे असेल ते धुऊन पुजतात. विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला झेंडूचे हार, चाकापुढं कोहळा फोडायचा. त्या सकाळी ती लवकरच आली. ‘‘अक्का, सायकल आज मी धुते. एवढं बसते तिच्यावर, थोडं पुण्य मलाबी पायजे की.’’ तिनं सायकल लख्ख केली. टोकांचे टाके उसवून मुठींवरची वाकळ आणि खालची ट्यूब ओढून काढली. ‘‘लई मळलीय, धुऊन वाळवून सकाळी आणून देते.’’

मी म्हटलं, ‘‘उद्या लागणार हाय मला ती, सांगून ठेवते.’’

‘‘अगं, ऊन काय कमी हाय का? सांजच्याला वाळंल.’’

कॅरिअरवरची गादी तिनं धुवायला काढली नाही. तीही तेवढीच मळलेली होती. पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

दसऱ्याला सकाळी ती आली ती रिकाम्या हातानं, डोळे पुसत. ‘‘काय सांगू अक्का, दोरीवर घातलेलं, त्या तांबड्या कुत्र्यानं ओढून नेलं गं!’’ मीच तिला जवळ घेतलं. मीच म्हटलं, जाऊ दे, एका दिवसानं काय होतंय. वाटेत ते कुत्रं दिसलं, त्याला पहिला दगड तिथंच बसला.

त्या वर्षी पाऊस फार झाला होता. भीमेचं पाणी ओढ्यावरून जाऊन आलेलं, होता नव्हता तो रस्ताही वाहून गेलेला. उघडी लोखंडी दांडी हातात, आणि मनात सारखं भाकरी, भाकरी. भीतीपोटी मी हँडल जास्तच आवळून धरलं असणार. खानावळीत उतरले तेव्हा हात म्हणजे कुणीतरी दुसऱ्यानं माझ्या खांद्याला आणून लावलेले. म्हटलं जरा बसावं, हात झाडावेत, ऊन पाण्यात धरावेत, मग आपोआप उतरतं ते. तोवर तिनं आत जाऊन पीठसुद्धा मळून ठेवलं.

‘‘अक्का, तू थोरली. आधी तूच बस. पीठ गार व्हायलंय बघ, लौकर!’’

मला तर वाटलं, केवढा मान देतेय.

मी बसले. अव्वा देवघराच्या उंबऱ्यात, हातात रिकामं ताट. मी बडवायला लागले. आवाज बरोबर येत होता, पण तळहाताला काही कळत नव्हतं. मी अंदाजानंच उचलली, आणि तव्यावर टाकताना ती मधोमध फाटली. उभी, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

‘‘साकु,’’ अव्वा म्हणाली. म्हणजे पुरे.

मग ती बसली. तिची अखंड उतरली, टम्म फुगली. अव्वानं ती ताटात घेतली आणि आत गेली. मी परातीवरचं पीठ झाडत राहिले, झाडण्यासारखं काही नव्हतं तरी. तिच्यावर राग आला नाही मला. देवावर आला, रस्त्यावर आला, त्या कुत्र्यावर आला. संध्याकाळी ती सोनं द्यायला घरी आली. माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. ‘‘अक्का, हे तुझं होतं गं.’’ मीच तिची समजूत काढली. शिरा करून खायला घातला!

पाय तोडणाऱ्या सासूचं मन वळवायला तिला एक दुपार पुरली. दिवाळीच्या आत ती नवऱ्याला घेऊन गाणगापूरला गेलीसुद्धा.

मी मुठी पुन्हा नव्यानं केल्या नाहीत. हौसच मेली. कुणासाठी हात जपायचे? थंडी पडली तशा मुंग्या वाढल्या, सकाळची बोटं मिटेनात. अव्वा म्हणाली, ‘‘हात जागे होईपर्यंत तू भाजी चिर.’’ दुसऱ्या एका पोरीला तिनं परातीपुढं बसवलं. जिथं मी इतकी वर्षं बसले, तिथं. मी कोपऱ्यात वांगी चिरत तिचं बडवणं ऐकायचे. ताल चुकीचा. बोलायचं नाही, चिरायचं.

संक्रांत झाली आणि अव्वानं मला गाणगापूरला पाठवलं. शेंगाची चटणी, कारळाची चटणी आणि पिठाची पोती टेंपोत घालून दिली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तिच्यासाठी तिळाच्या पोळ्या केल्या, खुसखुशीत, तिला आवडतात तशा. फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसले. वाटेत टेंपोवाल्याला सांगत होते, आमच्या माहेरची आहे हो ती.

टेंपो गाणगापुरात संगमाच्या वाटेला वळला. समोरून एक बाई सायकलवर येत होती. पदर खोचलेला, कॅरिअरला जेवणाचे डबे बांधलेले, एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं कुण्या पुजाऱ्याला नमस्कार करत. माणसांतून, रिक्षांतून अशी सुळकन् निघाली की मी मनात म्हटलं, वा, काय चालवतेय! आणि मग चेहरा दिसला.

तिनं मला बघितलं नाही. पुढं टेंपो गर्दीत बराच वेळ अडकला, तेवढ्यात ती डबे पोचवून परतलीही असणार. मी टेंपोतून उतरले तेव्हा सायकल खानावळीच्या भिंतीला टेकवलेली होती. मी जवळ गेले. दोन्ही मुठींवर वाकळ. माझी वाकळ. माझाच तांबडा धावदोरा, फक्त दोन्ही टोकांना नवीन टाके घातलेले. मी हात लावला. मऊ, आणि घट्ट बसलेली. अजिबात फिरत नव्हती.

माझं डोकं तापलं नाही, उलट थंडगार झालं. एकेक गोष्ट आपल्या जागेवर येऊन बसायला लागली. सायकल धुवायची तिची घाई. धुवायला न काढलेली गादी. मळून ठेवलेलं पीठ. तू थोरली, आधी तूच बस. केसानं गळा कापतात म्हणतात ते असं. आणि मी मान पुढं करून वर म्हणत होते, जाऊ दे गं.

मी आत गेले. ती परातीपुढं बसलेली. मला बघून तोंडभर हसली, ‘‘अगं बाई, अक्का!’’ उठायला लागली आणि माझ्या तोंडाकडं बघून अर्ध्यातच थांबली.

मी म्हटलं, ‘‘सायकल कधी शिकलीस?’’

तिनं दाराबाहेरच्या सायकलकडं बघितलं. गोळा हातात तसाच.

‘‘इचारायलेय मी. कधी शिकलीस?’’

‘‘माहेरी,’’ ती खाली बघून म्हणाली. ‘‘शाळंला सायकलवरच जायची मी.’’

म्हणजे इतकी वर्षं मी तिला ओढली. उन्हात, चिखलात. मी पुढं हात थरथरवत होते आणि ती मागं आपले हात मांडीवर ठेवून ताजी बसत होती. ‘‘आणि कुत्रं?’’ मी ओरडले. जेवणारी माणसं वळून बघायला लागली. बघू देत. ‘‘कुत्र्यानं नेलेली वाकळ गाणगापूरला कशी आली गं? दर्शनाला आली व्हय?’’

ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. माझी खोली. खिडकीला पडदा होता, साडीचाच.

‘‘अक्का, मला तिथं मरायची पाळी आली होती,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरी वाट दिसंना.’’

‘‘मग मला बोलायचं होतंस! तोंड न्हवतं तुला?’’

‘‘बोलले असते तर तू दिली असतीस. मला ठाऊक हाय. सगळं तूच दिलंस मला. काम तू दिलंस, हात तू दिलास. चूलबी तूच दिली असतीस, आणि मग जल्मभर मी तुझ्या उपकाराखाली. एवढी एक गोष्ट मला माझी मी पायजे होती.’’

हे तिनं असं सांगितलं, जशी काही माझी समजूतच काढतेय. आणि मी तिच्याकडं बघतच राहिले, कारण ते खरं नव्हतं. मी दिली नसती. माझी बोटं जायला लागली होती. तिनं पाय धरले असते तरी ती चूल मी सोडली नसती, माहेरची असो की आणि कुठली. आम्ही दोघी इतकी वर्षं तव्यापुढं मांडीला मांडी लावून बसलो, कोणी कोणाला ओळखलं नाही.

‘‘न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘दिली नसती मी.’’

ती रडायला लागली. ह्या वेळी मी जवळ घेतलं नाही.

जाताना तिनं ताट वाढलं. मी खाणार नव्हते, पण तिनं तव्यावरची भाकरी ताटात टाकली आणि भाकरीवर कसला राग काढायचा? कड एकसारखी, पापुद्रा सुटलेला, कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. माझीच भाकरी होती ती. चांगली झाली होती. तिथं मला रडू आलं.

ती विळी घेऊन सायकलपाशी आली. म्हणाली, ‘‘अक्का, उसवून घेऊन जा. तुझंच हाय.’’

‘‘ऱ्हाऊ दे,’’ मी म्हटलं. ‘‘तुला लागंल.’’ हे काही मोठ्या मनानं म्हटलं नाही. ती तिथं असेपर्यंत तिनं रोज ती वाकळ हातात धरावी, असं मला वाटलं. तिळाच्या पोळ्या मी परत घेऊन आले.

घरी आले तेव्हा ते तांबडं कुत्रं गल्लीच्या तोंडाशी होतं. मला बघून पळालं. मी फडकं सोडलं, सगळ्या पोळ्या ओट्यावर ठेवल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं, म्हणजे ते भिणार नाही. अव्वाला मी काही सांगितलं नाही. तिच्या देवानं हो म्हटलेलं, आता म्हातारीला कशाला त्रास.

पण माझे हात मला कुणी दुसरं आणून देणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सायकल अंगणात घेतली. घरात वाकळीचं एक चिंधूक उरलं नव्हतं. कॅरिअरवर मात्र ती गादी तशीच होती, इतके महिने रिकामी, उन्हापावसात. मी विळीनं तिच्या खालची ट्यूब कापली. घडी सोडवली, पट्ट्या काढल्या, ट्यूब खाली घालून हँडलला गुंडाळल्या आणि तांबड्या दोऱ्यानं शिवून टाकल्या. आधीच्यापेक्षा बऱ्या झाल्यात. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या होत्याच, त्यात ती बसून बसून आणखी मऊ झालेल्या.

आता दुपारनंतर अव्वा मला परातीपुढं बसू देते. सकाळचंही होईल. रोज त्या रस्त्यानं एकटी जाते, मूठ आवळून. ओढ्याजवळ तो मोठा खड्डा आला की माझ्या तोंडातून अजून निघतं, ‘‘धरून बस!’’ मागं कॅरिअरचं नुसतं लोखंड खडखडतं, आणि मी तिला एक सणसणीत शिवी हासडून पायडल मारते.